अर्धा बोळा

डोळे उघडले तेव्हा तिच्या दोन्ही मुठींत एका अनोळखी माणसाची कॉलर होती.

कॉलर पांढरीशुभ्र होती — म्हणजे तिने धरेपर्यंत होती. आता तिच्यावर लाकडाचा भुसा आणि दहा बोटांचे ठसे होते. कॉलरच्या वरचा चेहराही पांढराच पडला होता, आणि त्याच्या पायाशी एक काळी पेटी आडवी झाली होती.

"तुम्ही... ठीक आहात ना?" चेहऱ्याने विचारलं.

"मी ठीक आहे," ती म्हणाली. "कारखाना फिरतोय."

"मग तो थांबेपर्यंत धरून ठेवा. कॉलर काय, ती तर गेलीच."

तिने चटका बसावा तसे हात मागे घेतले.

झालं होतं असं. दुपारच्या सुट्टीचा भोंगा वाजला. तिने फळ्या तासायचं रंध्याचं मशीन बंद केलं, आवाज अडवणारे कानातले फोमचे बोळे फटकन् उपसले, दोन पावलं टाकली आणि जमीन डावीकडे कलली. गेले तीन आठवडे हे असंच चाललं होतं. आतापर्यंत दर वेळी हाताशी एखादा खांब किंवा फळ्यांचा ढीग सापडला होता. आज माणूस सापडला.

"कोणाला सांगू नका," ती घाईघाईने म्हणाली. "मिस्त्रींना तर अजिबात नाही."

हा कारखाना दारं-खिडक्या बनवण्याचा. इथल्या बायका पॉलिश करायच्या, डिंक लावायच्या, बिजागऱ्या ठोकायच्या. रंध्यावर कधी बाई उभी राहिली नव्हती. ती राहिली. तीन वर्षं मिस्त्रींच्या मागे भुणभुण लावून, सुट्टीच्या दिवशी येऊन, टाकाऊ फळ्यांवर हात बसवून राहिली. मिस्त्री म्हणजे तिचे सख्खे मामा. आई-वडिलांच्या माघारी त्यांनीच तिला लहानाची मोठी केली होती. मशीन हाती देताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, आणि मामांचं बजावणं म्हणजे अख्ख्या कारखान्याला ऐकू जाणारं ओरडणं — "ज्याचा तोल जातो, तो पात्याजवळ नाही! भाची असली तरी नाही!"

"पण तुम्ही कोण?" तिने आता कुठे विचारलं.

त्याने पेटी उचलून झटकली. "मी कान तपासतो. सोमवार ते शनिवार इथल्या सगळ्यांचे कान बघायचे आणि शनिवारी प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचं — मशीनवर योग्य की अयोग्य."

कारखान्यात एकशे दहा माणसं होती. त्यांतली नेमकी हीच कॉलर सापडावी!

"शनिवारपर्यंत बोलणार नाही," तो म्हणाला. "पण तोवर मशीनला हात लावायचा नाही. कबूल?"

"आणि मामांना काय सांगू?"

"सांगा, कानवाल्याला मदतीला एक माणूस हवाय."

तासाभरात त्याचं नाव कानवाले पडलं. गोदामाच्या कोपऱ्यात त्याने काच लावलेली प्लायवूडची खोली उभी केली. माणसाने आत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं, आणि बाहेर त्याच्या पेटीवर हिरवा दिवा लागायचा. एकेकाला बोलावून आणायचं काम तिचं. मामांनाही तिने बोलावलं. "माझ्या कानांना काय धाड भरलीय!" असं ओरडून ते निघून गेले.

मंगळवारी त्याने तिला समोर बसवलं. "तुमचे बोळे दाखवा."

तिने खिशातून दोन निळे तुकडे काढून त्याच्या तळव्यावर ठेवले. कानवाले बघतच राहिले.

"बाकीचे कुठे आहेत?"

"हेच. अर्धे करून घालतो आम्ही. सगळेच."

"अर्धे? कापून?" त्याचा आवाज चढला. "कोणी काढलं हे खूळ?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. खूळ तिचंच होतं. अख्खा बोळा कानाबाहेर डोकावायचा, डोक्याच्या रुमालात अडकायचा, म्हणून तिने एक दिवस कात्री चालवली. पॉलिशवाल्या बायकांनी पाहिलं, त्यांनीही चालवली. महिन्याभरात अख्खा कारखाना अर्ध्या बोळ्यांवर आला.

"अहो, अर्धा बोळा आत खोल जातो. पडद्यावर दाब येतो आणि तोल गडबडतो," तो म्हणाला. "तोल सांभाळणारा भाग कानातच असतो ना. आणि काढताना धरायला शेंडाही राहत नाही. कसे काढता?"

"नखाने. एक झटका, काम फत्ते."

"आणि मग कारखाना फिरतो!" त्याने कपाळाला हात लावला. "असा गच्च बसलेला बोळा ओढला की आतली हवाही ओढली जाते. माझ्याकडे बघा."

त्याने नवा बोळा दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक केला. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढला, बोळा अलगद आत सरकवला आणि तो फुगेपर्यंत बोट तसंच धरून वीसपर्यंत मोजलं. काढताना शेंडा धरून हळू पिळला, थोडी हवा आत जाऊ दिली, मग सावकाश ओढला. डोक्यावरून हात घेतलेला तो इतका विचित्र दिसत होता की तिला हसू आवरेना.

"हसा. पण हात धुऊन घाला. मळका बोळा कान पिकवतो. आणि हा मोठा वाटला तर लहान मापाचा मिळतो. कात्री नाही!"

"आणि कुठलाच मानवला नाही तर?"

"तर कानांवर बसणारी झाकणं मिळतात. पण गरगरणं अंगावर काढायचं नाही." त्याने पेटीतून छोटा दिवा काढला. "...आता एकदा कान बघू द्या."

ती खुर्चीवरून ताडकन उठली. "नाडी बघा, जीभ बघा. कान नाही!"

आता हे कोणाला सांगायचं? चांगला दिसणारा, मऊ बोलणारा माणूस दिवा लावून आपल्या कानात डोकावणार, आणि तिथे काय काय साठलं असेल देव जाणे! मेली तरी तिने बघू दिलं नसतं. एकशे नऊ माणसांचे कान बघणाऱ्याला त्याचं काहीच वाटणार नाही, हे कळत होतं. तिला वाटत होतं, त्याचं काय?

बुधवार गेला, गुरुवारही गेला. ती नवे बोळे वातीसारखे वळून घालायला शिकली, पिळून काढायला शिकली. उजवा कान शहाण्यासारखा वागू लागला, डावा मात्र जडच राहिला. त्याच्या डब्यातलं ती खाऊ लागली, तिच्या डब्यातलं तो. बोलताना ती उजवा कान पुढे करून त्याच्याकडे झुकायची आणि तो वाक्य अर्धवट सोडून भलतीकडेच बघायचा. पॉलिशवाल्या बायका एकमेकींना कोपर मारू लागल्या.

शुक्रवारी दोघं गोदामाच्या पायरीवर चहा पीत होते. ती उठली — कानात बोळे नाहीत, मशीन बंद — आणि जमीन डावीकडे कलली. या वेळी तिने कॉलर धरायच्या आत त्याने तिला दोन्ही दंडांना धरलं होतं.

"मी उद्या अयोग्य लिहिणार," तो म्हणाला.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"अयोग्य."

"तीन दिवस माझ्या डब्यातलं खाल्लंत," ती उसळून म्हणाली, "आणि माझ्याच हातातलं काम काढून घेता? तीन वर्षं घासलीत मी त्या मशीनसाठी! विश्वास ठेवला मी तुमच्यावर—"

"दहा बोटं आहेत तुमची!" तो ओरडला. इतका मऊ बोलणारा माणूस ओरडला! "सोमवारी माझ्या कॉलरवर मोजलीत मी. तो शर्ट अजून धुतला नाही. पात्यासमोर एकदा तोल गेला की... मला ती दहाच्या दहा हवीत. रागवा माझ्यावर, जन्मभर बोलू नका. पण दहा."

तिने आपल्या दहा बोटांकडे पाहिलं. मग निमूट खुर्चीत जाऊन बसली, रुमाल सोडला आणि डावा कान पुढे केला.

"बघा. पण एक अक्षर बोललात तर याद राखा."

त्याने दिवा लावला. वाकला. आणि खरंच एक अक्षर बोलला नाही. तो इतका वेळ बोलला नाही की शेवटी तिलाच राहवेना.

"काय आहे? फार घाण आहे का? बोला ना!"

"...निळं आहे," तो कसाबसा म्हणाला. "आत काहीतरी निळं आहे."

तिने झपकन त्याच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी एक बोळा संध्याकाळी सापडला नव्हता. भुशात पडला असेल, म्हणून तिने दुसरा कापून घेतला होता. त्या दिवसापासून ती दुसरा बोळा पहिल्याच्या पाठीवर रेटत होती! तिला ओरडावं की रडावं कळेना. तिचा हात केसांतल्या पिनेकडे गेला.

"खबरदार!" त्याने हात धरला. "पिन नाही, काडी नाही. मीही नाही काढणार. हे डॉक्टरांचं काम."

तासाभरात गावातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बारीक चिमट्याने तो बाहेर काढला. मळाने काळवंडलेला, चपटा, अर्धा. तो निघाला मात्र, आणि आवाजांचा लोंढा आत आला — पंख्याची घरघर, बाहेरची सायकलची घंटी, शेजारी उभ्या असलेल्या माणसाने सोडलेला सुटकेचा श्वास.

"पडद्याला इजा नाही. आता गरगरणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरी एक दिवस थांबून पुन्हा तपासा. पण हे अर्धं करायचं कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या," ती म्हणाली.

हेच तिने शनिवारी सकाळी भोंग्याच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं. आज जमीन जागेवर होती. "कात्री मी चालवली. माझं बघून तुम्ही चालवलीत. ज्याचा बोळा कधी हरवला असेल, त्याने कान दाखवा." मग रांग लागली. शेवटी मामांनाही दोघांनी धरून आणलं. कानवाल्यांनी त्यांच्या उजव्या कानात दिवा धरला, मग डाव्या कानात, आणि तिच्याकडे बघून दोन बोटं वर केली.

दोन्ही कानांत!

मामांना डॉक्टरीणबाईंकडे रवाना केलं आणि ती तपासणीच्या खोलीत बसली. दार बंद. हेडफोनमधून बारीक आवाज आला, तिने बटण दाबलं. आणखी बारीक, दाबलं. मग काचेपलीकडून खुणा करून त्याने तिला उठवलं, वळवलं, डोळे मिटून एका पायावर उभं केलं. ती खांबासारखी उभी राहिली. त्याने कागदावर सही केली आणि कागद काचेला चिकटवला. 'योग्य.'

तिने हेडफोन काढायला हात वर केला, तेवढ्यात डाव्या कानात त्याचा आवाज आला.

"आता हे तपासणीतलं नाही. सही आधीच झालीय, तिच्याशी याचा संबंध नाही." आवाज अडखळला. "मी आज पेटी आवरून दुसऱ्या गावी जाणार. पुढच्या रविवारी... तुमच्या मामांना भेटायला येऊ? तुम्हाला मागणी घालायला? ऐकू आलं तर बटण दाबा. नकार असेल तर... ऐकू आलं नाही असं समजू."

अंगठा बटणावर होता, पण हलेना. काचेपलीकडे त्याचा चेहरा सोमवारच्या कॉलरसारखा पांढरा होत गेला. त्याने मान खाली घातली आणि पेटीचं झाकण ओढलं.

तशी ती भानावर आली. हेडफोन फेकून, दार ढकलून ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही मुठींनी त्याची कॉलर धरली. आज काहीच फिरत नव्हतं.

"बटण दाबून हो म्हणतात का कोणी?" ती कुजबुजली. "परत बोला. या उजव्या कानाने काहीच ऐकलेलं नाही."

तो तिच्या उजव्या कानाशी वाकला आणि इतक्या हळू बोलला की तिलाही जेमतेम ऐकू आलं.

गोदामाच्या दारातून कोणीतरी खाकरलं. मामा उभे होते, तळव्यावर दोन काळवंडलेले अर्धे बोळे, डोळे विस्फारलेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत.

"रविवारी कशाला?" मामा अगदी हळू म्हणाले. "मी इथेच आहे. आणि जावईबापू... मला आता सगळं ऐकू येतं."