चेन तुटल्यावर

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. माझ्याच गाडीत घडलंय. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या.

साल १९७६, पौष महिना. आष्टा ते सांगली रस्ता. आणि रात्र नव्हती... टळटळीत दुपार होती.

मी पलटणीत ड्रायव्हर होतो. पेन्शनीवर आल्यावर साताऱ्यात एक जुनी अँबॅसिडर घेतली, भाड्यानं चालवायचो. आधीच्या श्रावणात माझी बायको शालू गेली. घरात बोलायला कुणी उरलं नाही. आवाज म्हणून काय तो गाडीचाच.

इंजिनात पुढच्या बाजूला टायमिंगची चेन असते. दोन दातेरी चाकांवर फिरते. माझ्या गाडीची चेन ढिली पडली होती, चाकांचे दातही झिजलेले. गाडी सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखी खळखळ. नवी चेन पुण्याहून यायची होती.

लेक राही आष्ट्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरी आईच नाही. तिची सासू, बनुबाई, म्हणाली होती, "पावनं, पोरीला हितंच ऱ्हाऊ द्या."

त्या दिवशी मी नुसता भेटायला गेलो होतो. दिवस भरले नव्हते, तरी जेवणं उरकताच राहीला कळा सुरू झाल्या. सुईण बाहेर आली ती पदरानं घाम पुसतच.

"मूल आडवं हाय. सांगलीला न्या. आत्ताच्या आत्ता."

जावई सीमेवर. गावात दुसरी गाडी मिळेना. राहीला मागच्या सीटवर आडवी केली. बनुबाई पुढं माझ्या शेजारी बसली.

तुंग ओलांडलं. मागं राही ओरडत होती, पुढं चेन खळखळत होती.

"आवं पावनं, गाडी हाय का भजनी मंडळ?" बनुबाईचा आवाज कापत होता. "पोचंल न्हवं?"

"पोचंल."

आणि... इंजिनात काहीतरी ताडकन तुटलं.

खळखळ थांबली.

इंजिनाचा आवाज थांबला.

राहीचं ओरडणंसुद्धा.

मी अॅक्सिलेटर दाबला... काहीच फरक पडेना. रस्ता सपाट. तरी गाडी चालली होती. त्याच वेगानं.

समोरून उसाची बैलगाडी येत होती. बैल थबकले... आणि रस्ता सोडून शेतात उतरले.

मग मागून राहीचा आवाज आला. हळू.

"व्हय... व्हय, आये... सोसतीय मी."

पुन्हा गप्प. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही.

"शालू?"



बनुबाईनं माझं मनगट घट्ट धरलं. "पुढं बघा. मागं वळू नगा."

मी आरशात पाहिलं. राही एकटीच होती. पण तिचं डोकं सीटवर टेकलेलं नव्हतं... कुणाच्या तरी मांडीवर असावं, तसं थोडं वर होतं.

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. बोलली मात्र दुसऱ्याच कुणाशी.

"बरं... आबास्नी न्हाई सांगत."

आयर्विन पूल मागं पडला. दवाखान्याच्या दारात गाडी आपोआप थांबली. मी ब्रेक दाबला नव्हता.

नातू झाला. दोघं सुखरूप.

नंतर सांगलीतच विश्रामबागेतल्या शमशेर मिस्त्रीनं गाडी ओढून नेली, इंजिन उघडलं. चेन तुटून तळाला पडली होती. लहान चाकाला एकही धड दात उरला नव्हता.

"कुठं तुटली, काका?"

"तुंगच्या पुढं."

"मग ओढून आणली व्हय दवाखान्यापत्तूर?"

"न्हाई. चालवत आणली."

तो हसला. "काका, चेन तुटल्यावर इंजिन एक फेरासुद्धा मारत न्हाई."

बनुबाई माझ्यासोबत आली होती. तिनं नुसती होय म्हणून मान डोलावली. शमशेरचं हसू गेलं. 

आता नवी चेन आहे. गाडी गुमान चालते.

शालू लेकीसाठी आली, याचं बरं वाटतं. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तेही एक वेळ चालेल.

पण आई काय म्हणाली, हे राहीला कितीदा विचारलं. ती बाळाला पदराखाली घेते आणि म्हणते, "आबा, जेवून घ्या."

आणि हल्ली मी आष्ट्याहून साताऱ्याला निघालो की ती दारात आडवी उभी राहते.

"जाऊ नगा, आबा. तिथं एकटं ऱ्हाऊ नगा."

का, ते सांगत नाही.