बरणीतलं घड्याळ

ताईच्या कॉलेजातलं फडताळ कोसळलं आणि कणा नसलेले यच्चयावत प्राणी बरण्यांसकट फरशीवर आले. फडताळ दाजींनी स्वतः ठोकलेलं होतं. सोमवारी तपासनीस येणार होते. अपृष्ठवंशी प्राण्यांचा संग्रह दिसला नाही, तर ताईचा विभाग बंद होऊन तिथे टायपिंगचे वर्ग भरणार होते. म्हणून वर्षातली सर्वांत मोठी ओहोटी गाठून आम्ही समुद्रकाठच्या गुहेत शिरलो. ताई शास्त्रापोटी, दाजी प्रायश्चित्तापोटी आणि धाकटा भाऊ या नात्याने मी, कारण मला नाही म्हणता येत नाही. कण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगून टाकलं.

आत जायची वाट म्हणजे दोन खडकांमधली एक चीर. ओहोटीलाही तिथे घोटाभर पाणी होतं.

"आणि भरतीला?" मी विचारलं.

"छतापर्यंत," ताई म्हणाली. दूध नासलंय हे सांगावं, तितक्याच काळजीने.

चिरेच्या कडेला खडकावर एक शंख चिकटला होता. ताईने त्यावर टिचकी मारली. "हे आपलं घड्याळ. वारा असला की भरती लवकर येते, ते छापील तक्त्याला कळत नाही. हिला कळतं. पाणी ओसरलं की ही गोगलगाय शंखाचं झाकण लावून बसते. पाणी आलं की झाकण उघडून चालू लागते. ती हलली की पळायचं!"

दाजी तेव्हा मागे, छातीपर्यंतची रबरी विजार पोटावरून चढवण्यात गुंतले होते. आम्ही पुढे गेलो. ते चिरेपाशी बरण्या भरत राहिले.

आत काळोख होता आणि तो काळोख ओला होता. विजेरी फिरवावी तिथे काहीतरी सरकत होतं. माझ्या मनगटावरून एक लिबलिबीत दोरी गेली. "वलयी किडा. अंगाच्या कड्या बघ किती सुबक!" ताई म्हणाली. मी डोळे मिटून सुबकपणा मान्य केला. भिंतीला हजार भोकं होती. तो स्पंज, भोकांतून पाणी ओढून जगणारा. काटेरी कातडीचा तारामासा पोटाखालच्या शेकडो नळीपायांवर चालत होता, आणि तोंडही पोटाखालीच. सगळीकडे लाल, मिटलेले, जेलीसारखे गोळे. "समुद्रफुलं. पाण्यात उमलतात. पाकळ्यांना डंख असतो, हात लावू नकोस."

सांगायची गरजच नव्हती!

मी मधूनमधून ओरडत होतो, "दाजी, शंखातली गोगलगाय हलली का?"

"अजिबात नाही!"

एकदा दाजी आनंदाने धावत आले. "अगं, खेकडा! आख्खा!"

"अहो, ती नुसती कात आहे. कवच वाढत नाही, म्हणून खेकडा मागच्या फटीतून उलटा बाहेर निसटतो. जुना अंगरखा राहतो तिथेच."

हिरमुसून त्यांनी कातही बरणीत घातली आणि परत गेले.

मग माझी विजेरी भिंतीच्या तळाशी गेली. तिथे फुलं उमलली होती. लाल, सुंदर, संथ डोलणारी. मी बघत होतो तोवर वरची रांग उमलली.

"ताई," मी हाक मारली, "ही पाण्यातच उमलतात ना?"

ताईने वळून पाहिलं. "अहो! गोगलगाय हलली का?"

"बरणीत कशी हलेल? झाकण घट्ट लावलंय!"

पळालो! पाणी गुडघ्याला. मांडीला. चिरेतून मी निसटलो, मागून ताई. दाजी अडकले! विजारीत पाणी भरलं होतं आणि बूट दोन खडकांत पाचरीसारखा बसला होता. लाट आली. दाजी दिसेनासे झाले. लाट गेली. दाजी होते, पण हनुवटीपर्यंतच.

"बरण्या सोडा!" ताई किंचाळली. दाजींच्या पट्ट्याला बांधलेली बरण्यांची पिशवी सुटली. तारामासा, स्पंज, अख्खा विभाग काळोखात वाहून गेला. बूट मात्र हलला नाही.

"अगं, तू जा. बारक्याला घेऊन जा."

"गप्प बसा!" ताईने कंबरेची सुरी काढून विजारीचे खांद्यावरचे बंद सपासप कापले. "आमच्याकडे पाठ करा! खेकडा व्हा, अहो, खेकडा! उलटे निघा!"

दाजी वळले. आम्ही दोघांनी बगलेत हात घातले. ओढलं! लाट डोक्यावरून गेली. पुन्हा ओढलं! काहीतरी सुटलं आणि दाजी पाठीकडून आमच्या अंगावर आले. रबरी अंगरखा चिरेतच उभा राहिला.

वर, कोरड्या वाळूवर, दाजी पट्ट्यापट्ट्यांच्या अंतर्वस्त्रात थरथरत बसले. मग त्यांनी उजवी मूठ उघडली. त्यात एक छोटी बरणी होती.

"म्हणजे तुम्ही एकाच हाताने..." ताई म्हणाली.

"एवढी तरी ठेव. सोमवारी दाखवायला."

ताईने बरणी घेतली. दाजींच्या सोललेल्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघितलं. मग झाकण काढून आतला शंख आमच्या निथळत्या कपड्यांनी ओल्या झालेल्या दगडावर ठेवला.

"आणि विभाग?" मी विचारलं.

"टायपिंग शिकेन."

आम्ही तिघे बघत बसलो. शंखाचं झाकण किलकिलं झालं. दोन शिंगं बाहेर आली.

"हलली," दाजी कुजबुजले.

समुद्र चांगला शंभर हात लांब होता. तरीही आम्ही तिघे उठलो आणि जीव घेऊन पळत सुटलो!