पंखा लावायचा नाही

“हात वर कर! आधी हात वर कर!”

धम्मदिनाचा आवाज ऐकून देवेशनं दोन्ही हात वर केले खरे, पण उशीर झाला होता. गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या पांढऱ्या टी-शर्टवर त्याचा निळा अंगठा उमटला होता...

धामणकर नाक्यामागच्या तिच्या छपाईच्या गाळ्यात तो पहिल्यांदाच आलेला. पूर्णा गावच्या गोदामातून कोरे टी-शर्ट आणणारा टेम्पोवाला. माल ठेवताना टेबलाला टेकला, आणि टेबलाच्या कडेला रंगाचा डबा.

“मॅडम, पुसतो ना—”

“पुसलास तर पसरेल! डोळे आहेत की बटणं?”

चूक तशी एवढीशी. पण बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीचं हे काम विहाराच्या विनिताकाकूंनी तिला नाखुशीनंच दिलं होतं. “पोरीच्या हातचं काम, डागाळणारच,” असं चारचौघांत म्हणाल्या होत्या. एक डाग दिसला की विहाराचं काम कायमचं गेलं. त्यात जोडीदारीण नेत्रा तापानं आडवी. आणि गाळ्याचा नियम पक्का – रंगाचा हात कापडाला लावायचा नाही. म्हणजे छपाईला दोघं हवीतच, एक रंगाला, एक कापडाला. हे सगळं तिनं भर दुपारी देवेशला सुनावलं, तेव्हा तो ‘संध्याकाळी बदली टी-शर्ट आणतो’ म्हणून गेला.

संध्याकाळी देवेश परत आला. बगलेत नवा टी-शर्ट, हात कोपरापर्यंत घासून धुतलेले.

“ड्युटी सुटली. मी धरतो कापड.”

“डाग पाडलास तर—”

“तर माझ्याच शर्टाला हात पूस.”

ती हसली नाही. छपाईची जाळीची फ्रेम मात्र उचलली.

ती जाळीवरून रंग ओढायची, तो छापलेला टी-शर्ट अलगद उचलून दोरीवर टाकायचा. छातीवर निळं धम्मचक्र, बाकी सगळं पांढरंशुभ्र. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ती दर वेळी ओरडायची, “हात दाखव!” तो तळवे पुढं करायचा.

“नीट बघ न्... रेषा पण बघ.”

“कामाकडं बघ!”

मे महिन्याची उकड. कपाळावरचा घाम तिच्या डोळ्यांत उतरत होता, आणि दोन्ही हात निळे. थोड्या वेळानं छापलेलं चक्र अर्धंच उमटलं. तिनं वर पाहिलं. पंखा गरगरत होता.

“पंखा कोणी लावला? वाऱ्यानं जाळीत रंग सुकतो! अक्कल गहाण टाकलीस का? गेला ना हा टी-शर्ट!”

“सकाळी दुसरा आणतो... तुझ्या डोळ्यात घाम जात व्हता. मला बघवंना.”

ती तरातरा मोरीकडं गेली. नळाखाली फ्रेम घासत राहिली, दात-ओठ खाऊन. काकूंचा राग, याचा राग, आणि उगाच धडधडणाऱ्या स्वतःच्या छातीचाही राग. हळूहळू जाळी मोकळी झाली. ती परतली तेव्हा पंखा बंद होता, टेबल लख्ख होतं, आणि देवेश चपला घालत होता.

“कुठं निघालास?”

“रागावलीस न्.”

“रागावलेच आहे! दुपारपासून तुझ्यावर चिडलेय, आणि दुपारपासूनच दाराकडं बघतेय – येतोस की नाही म्हणून. याचाच सगळ्यात जास्त राग आलाय मला... आवडतोस तू. कळलं?”

देवेश गर्रकन वळला. एक चप्पल पायात, एक हातात.

“ठेव ती. हात धुऊन ये.”

तो आला. “दाखव,” ती म्हणाली. तळवे स्वच्छ होते. तिनं जाळीत पुन्हा रंग ओतला, फ्रेमवर निळे हात ठेवले, आणि घामेजलेला चेहरा त्याच्यापुढं केला.

“पंखा लावायचा नाही,” ती दटावून म्हणाली. “घाम आला की... पुसायचा.”