चार वाट्यांचा जबाब

वरोऱ्याच्या दहीकेंद्रात सलग तिसऱ्या दिवशी दही लागलं नव्हतं. टाकीत दूध जसंच्या तसं, आणि विरजण लावणाऱ्या गिरजाबाई रडवेल्या उभ्या.

"आज संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाई, तं बाईनं उद्यापासून येऊ नये," मालक वामनरावांनी सुनावलं.

खासगी तपास करणाऱ्या संघप्रियानं मान डोलावली. तिचा जोडीदार जाहिद वहीत लिहीत होता. त्याचा संशय नेहमी लवकर पक्का होई आणि नेहमी चुकीच्या माणसावर.

"बाई, इतक्यात काय बदललं?" संघप्रियानं विचारलं.

"दोन महिने झाले, घरचं विरजण बंद. शहरातून पुडी येते. थे टाकतो अन् या मालक भाऊच्या पितळी पळीनं ढवळतो. हात साबणानं धुतो जी."

दूध आणणारा सुकलू चाचरला. "म्हशीले औषधाची सुई दिली होती, थे दुधात उतरते. पण तिचं दूध इथी नाई आणलं."

जाहिदनं 'सुई'खाली दोन रेघा ओढल्या.

संघप्रियानं पळी उचलली. ती लखलखत होती. "ही कोण घासतं?"

"मीच!" वामनराव खुलले. "माह्या आईची आहे. चक्का बांधला का आंबट पाणी गळते, थे हंड्यात ठेवतो. त्यानंच रोज घासतो. गरम पाण्यात घालू देत नाई, काळी पडते."

संघप्रियानं सुकलूच्याच ताज्या दुधाच्या चार वाट्या लावल्या आणि गिरजाबाईंच्या घरून विरजण मागवलं.

संध्याकाळी तिनं वाट्या मांडल्या.

"पहिलीत पुडी, ढवळली स्वच्छ चमच्यानं. दही लागलं. म्हणजे दूध आणि पुडी निर्दोष."

जाहिदनं दोन्ही रेघा खोडल्या.

"दुसरीत पुडीच, पण पळीनं ढवळली. लागलं नाही. तिसरीत तीच पळी, घरचं विरजण. लागलं. चौथीत पुडी, पण पळी आधी उकळून घेतली. लागलं!"

"मंग पितळेत विष?" जाहिदनं विचारलं.

"विष उकळून जाईल, आणि घरच्या विरजणाला सोडेल? हा विषाणू आहे. दही लावणाऱ्या जंतूंना मारतो, माणसाला काही करत नाही. पुडीत मोजक्याच जातींचे जंतू असतात, ते सगळे मेले. घरच्या विरजणात नाना जाती, काही तगल्या. आंबट पाण्यात तो रोज वाढत गेला, आणि भाऊ, तुम्हीच तो पळीला चोळलात."

वामनरावांनी पळी हातात घेतली. त्यांना खरोखर लाज वाटली. मग त्यांनी ती गिरजाबाईंपुढं धरली.

"चुकलो बाई. आता ही तुमीच सांभाळा."

गिरजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "पळी तुमच्या आईची, तुमीच ठेवा भाऊ. मले उद्या स्टीलची द्या."