धक्क्याखाली कोण गळ टाकतं?

यातला एकही शब्द मी रंगवून सांगत नाही. रंगवून सांगणं मला जमतही नाही. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. काचेखाली दिसतं तेवढंच खरं, असं मानणारी बाई.

पण गेल्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ…

ती अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

माझा थोरला भाऊ वायरमन आहे. वहिनी आजारपणात गेली, त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. मूलबाळ नाही. दिवसभर लोकांच्या घरातले दिवे लावायचे आणि संध्याकाळी गळ घेऊन समुद्रावरच्या धक्क्यावर जाऊन बसायचं, एवढंच त्याचं आयुष्य उरलं होतं. मासे तो स्वतः खायचाही नाही. शेजाऱ्यांना वाटून टाकायचा.

त्या दिवशी मी सुट्टी काढून त्याच्याकडे गेले होते. दुपारपासून लाईट नव्हती. घर नुसतं भट्टीसारखं तापलेलं.

"वायरमनच्या घरात अंधार," मी म्हटलं. "कुणाला सांगू नकोस, धंदा बसेल."

खूप दिवसांनी दादा हसला.

"चल धक्क्यावर," तो म्हणाला. "तिथे तरी वारा असेल."

वारा नव्हता.

धक्क्याच्या तोंडाशी एक मावशी बर्फ आणि आमिष विकतात. एरवी त्यांच्या टपरीपुढे गळवाल्यांची ही गर्दी. त्या दिवशी त्या एकट्याच बसल्या होत्या, आणि टपरीची फळी अर्धी लावून झाली होती.

"एवढ्यात बंद?" दादानं विचारलं.

"घेणारं कोण आहे? आले सगळे. पाण्यात हात घातला आणि आल्या पावली परत गेले."

"का?"

मावशींनी थोडी जिवंत कोळंबी दादाच्या डब्यात टाकली.

"तू पण घाल हात," त्या म्हणाल्या. "मग ठरव."

आम्ही धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. माशांच्या आशेनं तिथे कायम पडलेली मांजरंसुद्धा नव्हती.

आणि आणखी काहीतरी नव्हतं…

ते काय, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

पाण्याचा आवाज नव्हता.

धक्क्याच्या दगडांवर पाणी सारखं आपटत असतं ना? तो आवाज. भरती लागलेली, पाणी वर चढताना दिसत होतं. पण अगदी गुपचूप. दबकत आल्यासारखं.

दादा लोखंडी शिडीवर दोन पावलं उतरला आणि त्यानं हात बुडवला. लगेच मागे घेतला.

"गार आहे," तो म्हणाला. "बर्फासारखं."

"भर उन्हाळ्यात?"

"होतं कधीकधी. तळाचं पाणी वर येतं. मासा सुस्त पडतो मग." त्यानं हात पँटला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. "आलोच आहोत तर बसू थोडं."

गळाला कोळंबी लावताना तो नेहमीसारखा मला शिकवत राहिला. मला मासेमारीत काडीचा रस नाही, पण त्याचं बोलणं ऐकायला बरं वाटायचं. उन्हाळ्यात मासा दुपारभर खोल पाण्यात असतो. ऊन कललं, भरती लागली की काठाशी चरायला येतो. कोळंबी शेपटीत टोचायची, म्हणजे जिवंत राहते आणि वळवळते. दोरीला वजनासाठी बांधायचं शिसं हलकं ठेवायचं.

"आणि त्यानं तोंड लावलं की घाई करायची नाही," दादा म्हणाला. "झटका दिलास की सुटला. दोरी सैल सोडायची. त्याला वाटलं पाहिजे, आपल्या मर्जीनं खातोय."

त्यानं गळ टाकला. पाण्यात तो पडला तेव्हाही आवाज झाला नाही.

आम्ही वाट बघत बसलो.

काठी हलली नाही. दोरी हलली नाही. बऱ्याच वेळानं दादानं कोळंबी मेली का बघायला दोरी गुंडाळून घेतली.

गळाला कोळंबी नव्हती…

माकूल होतं.

माकलाची, म्हणजे स्क्विडची, एक पांढरी पट्टी. ताजी, साफ केलेली. आणि ती गळाला पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली होती. घट्ट, सुबक, शेवटी गाठ मारून.

"तू लावलंस?" मी विचारलं.

"माझ्याकडे माकूल आहे कुठे?"

आम्ही दोघंही खाली वाकून बघत राहिलो. खाली नुसतं हिरवं पाणी.

"कुणीतरी पाणबुड्या असेल. गंमत करतोय," दादा म्हणाला. आवाज मोठा काढून म्हणाला, पाण्याला ऐकू जावं असा. "फुकटचं आमिष कोण सोडतं!" आणि त्यानं तोच गळ पुन्हा टाकला.

"दादा, नको. घरी जाऊ."

"थांब गं."

या वेळी वाट बघावी लागली नाही.

काठीचं टोक हळूच वाकलं. एकदाच. दारावर कुणी बोटानं टकटक करावी तसं. दादा दोरी गुंडाळू लागला.

वर जे आलं तो मासा नव्हता.

तो चष्मा होता.

बायकी, तपकिरी काड्यांचा. एक काडी तुटलेली आणि तांब्याच्या बारीक वायरनं गुंडाळून बसवलेली. ते काम कुणाचं, हे मला बघताक्षणी कळलं. दादाचंच. वहिनीनं नवा चष्मा कधी घेऊच दिला नव्हता. "माझ्या घरचा मिस्त्री आहे," म्हणायची.

तो चष्मा आम्ही तिच्याबरोबरच चितेवर दिला होता. शेवटच्या दिवशी मी स्वतः तिच्या डोळ्यांवर ठेवला होता. या हातांनी.

आणि तो समुद्रातून वर आला होता, तरी…

कोरडा होता.

दादानं तो हातात घेतला. मी त्याच्या हाताकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. चष्म्याच्या दुसऱ्या काडीला दोरा बांधलेला होता. तो पांढरा दोरा धक्क्याच्या कडेवरून खाली, सरळ पाण्यात गेला होता.

सैल होता.

"दादा, सोड ते."

दादानं चपला काढल्या. नीट बाजूला ठेवल्या, घरात शिरताना काढाव्यात तशा. आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

दोरा किंचित ताणला गेला. पुन्हा सैल झाला.

मी धावले. मागून त्याच्या काखेत हात घालून त्याला धरलं.

"आमिष आहे ते!" मी ओरडले. "दादा, आपण माशाला लावतो ना, तसं! वहिनी नाहीये तिथे!"

"माहितीये मला," दादा म्हणाला.

अगदी शांतपणे म्हणाला. आणि आणखी एक पायरी उतरला.

त्याला कळत नाहीये असं असतं, तर मी त्याला समजावलं असतं. पण ज्याला सगळं कळतंय त्याला काय सांगायचं?

पाणी त्याच्या घोट्यांना लागलं. मी ओढत होते, पण तो माझ्या दुप्पट वजनाचा. माझे पाय दगडावरून घसरायला लागले. आमिष कापायची सुरी डब्यापाशी पडली होती. तिच्याकडे हात नेला तर दादा सुटणार होता, आणि दोन्ही हातांनी धरलं तर आम्ही दोघंही जाणार होतो.

मी एक हात सोडला.

तो गेला नाही. तिथेच थांबला, अडकल्यासारखा. कसा, हा प्रश्न तेव्हा मला पडलाही नाही. मी सुरी घेतली आणि दोरा कापला.

कापलेलं टोक पाण्यात पडलं नाही…

ते हळूहळू खाली गेलं. कुणी सावकाश, न चिडता, गुंडाळून घेत असावं तसं.

आणि मग एकदम दगडांवर पाणी आपटायला लागलं.

दादाला मी कसं घरी आणलं, मला आठवत नाही. चष्मा कुठे गेला तेही आठवत नाही. दादाच्या मुठीत नव्हता, धक्क्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बर्फ फोडत राहिल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "कापलास ते बरं केलंस. त्या कामाला सुरी मी फुकट दिली असती."

दादाला मी माझ्याकडे घेऊन आले. समुद्रापासून लांब. काही महिने राहिला, मग ऐकेना. म्हणाला, गिऱ्हाईकं तुटतील. आता परत गेलाय. गळ टाकत नाही. पण रोज संध्याकाळी धक्क्यावर जातो, हे मला मावशींकडून कळलं.

या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा त्याला स्पष्टच विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"कसली भीती?" तो म्हणाला. "ती आहे ना."

"कोण?"

"त्या दिवशी तू सुरी घ्यायला गेलीस, तेव्हा मला धरलं कुणी?"

मला आठवलं. मी हात सोडला, तरी तो गेला नव्हता.

"तुझ्या मागून हात आले होते. तुझ्या खांद्यावरून. बाईचे हात. तिनंच मला जाऊ दिलं नाही." त्याचा चेहरा इतका उजळला होता, की मला बघवेना. "ती पाण्यात नव्हतीच. ती धक्क्यावर आहे. मी बसलो की येते. खांद्यावर हात ठेवते. उन्हाळ्याचा तो गारवा काय बरा वाटतो, सांगू…"

मला सुखानं ऐकता आलं असतं तर किती बरं झालं असतं. वहिनीनं वाचवलं, संपलं.

पण एक गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही.

त्या दिवशी मी पाण्यात पाय घातला नव्हता. घरी येऊन कपडे बदलले, तेव्हा माझ्या शर्टाची पाठ भिजलेली होती. घाम नव्हता तो. वरपासून खालपर्यंत, कुणी मला पाठीमागून मिठी मारून उभं असावं तशी. त्यातून पाणी निथळत होतं.

वहिनी दवाखान्यात गेली. कोरड्या चादरीवर.

मग ती ओली का होती?

एकदा दोरी तुटली म्हणून चांगला गळवाला जागा सोडून जात नाही. तो आमिष बदलतो.

आता संध्याकाळ झालीये. मघापासून मी दादाला फोन लावतेय.

रिंग जातेय…