इंजिन पेटेपर्यंत

चष्मेवाल्याचं वय बासष्ट, त्याच्या मोटरसायकलचं सत्तर, आणि हलवल्याशिवाय दोघंही जागचे उठायचे नाहीत. हलवायला ताई. ताई त्याच्याहून मोठी, पण गुडघे तिचे शाबूत. त्याचा डावा मात्र कामातून गेलेला.

जुन्या गाड्यांच्या या शर्यतीत सगळे हौशी. वर्षातून एकदा डोंगराचा रस्ता बंद करायचा, वळणावळणावर टायर रचायचे आणि पोरांसारखं भांडायचं. गाड्यांना किक नाही. झेंडा पडेपर्यंत सगळी इंजिनं गप्प. मग ज्याने त्याने आपली गाडी ढकलत पळायचं, उडी मारून बसायचं, क्लच सोडला की इंजिन पेटायचं. पाय अधू असेल त्याला एक ढकलणारा मिळे. त्याने इंजिन पेटेपर्यंत ढकलायचं, पण पांढऱ्या पट्टीपुढे पाऊल टाकायचं नाही.

सकाळच्या फेरीत पट्टी आली तरी इंजिन पेटेना. ताई थांबली, गाडीला दोन शिव्या हासडल्या आणि चहाच्या टेबलाकडे वळली.

कप अर्धाही झाला नव्हता, तोच वळणावरचा शिट्टीवाला तणतणत आला.

"या वयात एवढं पळता, ताई? कौतुक आहे. पण पट्टी ओलांडलीत."

"मी तर इथे चहा पितेय."

"मग वळणापर्यंत ढकलत कोण आलं?"

"तुम्ही पाहिलंत?"

शिट्टीवाल्याने मागे वळणाकडे पाहिलं. "गाडी पाहिली," तो म्हणाला. "चढावर, बंद इंजिनाने, वेग वाढत होता. मागे पावलं वाजत होती." मग तो तक्रार न करताच निघून गेला.

चष्मेवाला तिसरा आला होता. आनंद गालांत मावत नव्हता.

"ताई, काय ढकललंस! इंजिन पेटलं तेव्हाच हात काढलास."

"मी पट्टीवरच थांबले होते रे."

तो हसला. मग हसायचा थांबला.

ताईने त्याच्या चामडी जॅकेटच्या पाठीवर हात फिरवला. उन्हाने सगळं चामडं तापलेलं, आणि दोन खांद्यांच्या मध्ये पंजाएवढा तुकडा बर्फासारखा गार. तिने त्यावर आपला पंजा ठेवून पाहिला. गारठ्याची बोटं तिच्या बोटांपेक्षा पेरभर लांब होती.

शहाणा माणूस तिथूनच घरी गेला असता. पण चष्मेवाल्याने उभ्या आयुष्यात एकही शर्यत जिंकली नव्हती. त्यात शर्यतीतल्याच एका वेल्डरने जाता जाता काडी टाकली, "काय चष्मेवाले, दुपारी आम्ही घरी जायच्या आत पोचणार ना?"

दुपारच्या मोठ्या शर्यतीआधी तो ताईच्या कानाशी लागला. "क्लच सोडणारच नाही. जितकं ढकलेल तितकं ढकलू दे. माथ्यावर पेटवतो."

"माथ्यावर आडवं वळण आहे, मुडद्या. पुढे दरी."

"इंजिन पेटलं की हात निघतो, ताई."

"कुणाचा हात, ते विचारलंस?"

"जिंकल्यावर विचारू."

तो हेल्मेट आणायला गेला. ताईने प्लगच्या टोपीतून वायर ओढून काढली आणि रिकामी टोपी परत प्लगवर बसवली. आता बापजन्मात पेटणार नव्हतं. बसू दे रुसून, पण घरी तर येईल.

"मी ढकलणार नाही," ती त्याला म्हणाली.

"नको ढकलूस," तो म्हणाला आणि गाडीवर बसला.

झेंडा पडला. बूट धडधडले, एकेक इंजिन भडकलं, धूर झाला. चष्मेवाला जागेवरच. ताईने सुटकेचा श्वास टाकला.

तेवढ्यात गाडी हलली.

इंजिनाचा आवाज नाही. नुसती पावलं.

पट्टी गेली. वेल्डर मागे पडला. चढ लागला, वेग वाढला. माथ्याजवळ त्याने क्लच सोडला. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं.

पेटलं नाही.

तेव्हा कुठे ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की पेटल्याशिवाय तो हात निघणारच नाही, आणि ती धावत सुटली.

आडव्या वळणावर गाडी टायरांच्या ढिगात रुतून उभी होती. ढिगापलीकडे दोन हात जमीन, मग काही नाही. ब्रेकमधून धूर येत होता. वेल्डर आणि शिट्टीवाला चष्मेवाल्याला दंडाला धरून उतरवायला बघत होते. तो टाकीवर दाबला गेला होता, तसूभर हलत नव्हता.

ताईने वायर टोपीत खुपसली.

"आता काय उपयोग?" वेल्डर ओरडला. "चाक पुढे फिरल्याशिवाय पेटणार कसं?"

पुढे टायर होते.

ताई त्याच्यासमोर आली. ब्रेकवरची त्याची बोटं तिने आपल्या दोन्ही हातांत धरली. त्याचे डोळे मिटलेले होते.

"ताई," तो कुजबुजला, "हात काढ ना आता."

त्याच्या मागे रस्ता खालपर्यंत मोकळा होता.

टायरांचा ढीग करकरला, आणि बोटभर पुढे सरकला.