आश्रुबाच्या भाच्याचं इंजिन

विजयसिंहकाकांनी भर दुपारी, चपला काढून, धोंडप्पांच्या दुकानासमोर स्वतःचे दोन्ही कान धरले.

हे झालं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. पाटोद्यात कुणालाही विचारा. विजयसिंहकाकांना कान आहेत हेसुद्धा लोक कबूल करणार नाहीत. आपण पहिल्यापासून सुरू करू.

"तुझ्या काकानं मागवलेलं इंजिन माझ्या रुळावर चालणार न्हाई!" प्रणिता ओरडली.

"मग तुझे रूळ उचल आन् घरी जा!" प्रियदर्शनी त्याहून मोठ्यानं ओरडली.

"मी फलाटावर बसलोय. मला कुणी उचलू नका," सटवा म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस होता, साल दोन हजार. पाडव्याला किल्ल्यांची स्पर्धा होती आणि गल्लीत सगळी पोरं किल्ले करत होती. हे तिघं मात्र रेल्वे स्टेशन करत होते. कारण सटवानं सांगून टाकलं होतं, "किल्ले आपण बघितलेत. रेल्वे कुठं बघितलीय?" ते खरंच होतं. पाटोद्यात रेल्वे नव्हती. पाच वर्षांपूर्वी आपल्या भागात रेल्वे येणार अशी बातमी आली, तेव्हा प्रणिताचे आजोबा धोंडप्पा तडक हैदराबादला गेले आणि खेळण्यातल्या रेल्वेचं एक फडताळभर सामान घेऊन आले. इंजिनं, डबे, रूळ, हिरवी झाडं, बोटाएवढे हमाल. "रेल्वे येणार म्हणल्यावर पोरांना आधीपासून सवय पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. खरी रेल्वे आली नाही. फडताळ तेवढं राहिलं.

आणि समोरच्या बाजूला, बरोबर बारा पावलांवर, प्रियदर्शनीच्या काकांचा 'विजय सायबर कॅफे' उघडला. त्यावर पाटी होती : 'जुना माल विसरा! जग घरी मागवा!' पाटीवरचा बाण थेट धोंडप्पांच्या दुकानाकडे होता. धोंडप्पांनी उत्तरादाखल दारात खराटा उलटा टांगला. तेव्हापासून दोन्ही दुकानं एकमेकांकडे बघत नव्हती आणि दिवसभर तेवढंच करत होती.

"तुझे आजोबा कशाला हात लावू देतेत का?" प्रियदर्शनीनं विचारलं. "इंजिन बघायला गेलं की, 'घ्यायचं हाय का नुस्तं बघायचं?' लई खवट!"

"आन् तुझ्या काकाकडं? तिथं तर फोटोच असतोय! फोटोला हात लाव अन् बस!"

"म्हणजे एकीकडं हात लावू देत न्हाईत, दुसरीकडं हात लावता येत न्हाई," सटवा म्हणाला. "मधल्या रस्त्यावर एखादं दुकान निघालं पाहिजे."

वर्गणी तिघांची होती. मतं पडली तेव्हा दोन विरुद्ध एक झाली, कारण सटवाला एकदा तरी कॉम्प्युटर चालू झालेला बघायचा होता. त्यामुळे इंजिन सायबर कॅफेतून मागवलं गेलं, तेही दुप्पट भावात, आणि प्रणिता सहा दिवस कुणाशी बोलली नाही. बोलायची ती फक्त भांडायला.

तिचा राग इंजिनावर नव्हता. इंजिन मागवलं त्याच्या आदल्या दिवशी धोंडप्पा जेवताना म्हणाले होते, "दिवाळी झाली की रेल्वेचं फडताळ रिकामं करतो. शाम्पूच्या पुड्या लावतो. सहा महिने झाले, गावातल्या एका पोरानं रुळाचा तुकडा नेला न्हाई. सगळी त्या समोरच्याकडं!"

प्रणितानं त्या फडताळासमोर बसून अंकसुद्धा शिकले होते. डबे मोजून.

सुट्टीच्या त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी आश्रुबा पार्सल घेऊन आला. हा कॅफेत पाणी भरायचा, झाडलोट करायचा आणि दिवसाला दोन वेळा विजयसिंहकाकांच्या शिव्या खायचा.

"दिल्लीवरनं आलंय!" तो म्हणाला, आणि कुणी काही विचारायच्या आत पळाला.

खाकी कागदावर स्केचपेननं 'दिल्ली' लिहिलं होतं. आत लाल इंजिन. झकास! प्रियदर्शनीनं ते प्रणिताच्या नाकासमोर नाचवलं.

"बघ! दिल्ली! तुझ्या आजोबांच्या फडताळात असलं आयुष्यात..."

"खोकं उलटं कर," प्रणिता म्हणाली.

"कावून?"

"कर म्हणते ना!"

खोक्याच्या तळाला तीन पुसट, राखाडी रेघा होत्या. शेजारी शेजारी, तीन बोटांच्या.

पाटोद्यातल्या कोणत्याही पोराला हे सांगावं लागत नाही. धोंडप्पा पहाटे पूजा करून दुकान उघडतात, कपाळाला भस्माचे तीन पट्टे असतात, आणि दिवसाची पहिली वस्तू दुकानाबाहेर जाताना तिच्या तळाला तीच तीन बोटं टेकवतात. साबण असो, कुलूप असो, कंपासपेटी असो. पहिलं गिऱ्हाईक भस्माशिवाय जात नाही.

"दिल्लीत पण भस्म लावणारी माणसं असतीलच की!" प्रियदर्शनी म्हणाली. पण आवाज खाली आला होता.

"असतील. पण धोंडप्पाची बोटं दिल्लीला कवा गेलती?" सटवानं विचारलं.

प्रणिता आजोबांच्या दुकानात पळाली. धोंडप्पा काडेपेट्या लावत होते.

"आजोबा, लाल इंजिन कुणाला इकलं?"

"त्या आश्रुबाला. सकाळी, अजून झुंजुमुंजू होतं. त्याचा उमापूरचा भाचा हाय म्हणं. लई नाद हाय त्याला रेल्वेचा! आतापर्यंत चार इंजिनं नेली. एक तेवढं येडं गिऱ्हाईक हाय, पण एका भाच्यासाठी फडताळ कोण ठेवतं?"

प्रणिता तशीच परत आली. धापा टाकत म्हणाली, "आश्रुबाचा भाचा! उमापूरचा!"

"आश्रुबाला बहीणच न्हाई," प्रियदर्शनीच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"भाचा हाय, बहीण न्हाई," सटवा गंभीरपणे म्हणाला. "इंटरनेटवरून मागवला असंल."

"माझे काका चोर न्हाईत!" प्रियदर्शनीचे डोळे भरले. "त्यांचा कॉम्प्युटर खरंच लागतो! फोनवरून इंटरनेट लागतानाचा आवाज मी ऐकलाय! कीं-क्रर्र-टुंग!"

"मग पैज लाव!" प्रणिता म्हणाली. "आपण सिग्नल मागवू. असला सिग्नल, जो जगात एकच हाय. तो दिल्लीहून आला, तर मी भर चौकात तुझी माफी मागीन. पण काकापाशी गुपित फोडायचं न्हाई!"

"न्हाई फोडणार! माफी मागायची तयारी ठेव!"

दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. जगात एकच असलेला सिग्नल सटवानं अर्ध्या तासात बनवला. खांब बॉलपेनाचा, हात आइस्क्रीमच्या काडीचा. लाल दिव्यासाठी त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि शेवटी शर्टाचं तिसरं बटण तोडलं. ते लालच होतं. त्याची आई बटणं मिळतील त्या रंगाची लावायची.

दुपारी धोंडप्पा दुकानात बसल्या बसल्या झोपतात. दुसऱ्या दिवशी तेवढ्यात प्रणितानं तो सिग्नल एका रिकाम्या खोक्यात घालून फडताळात ठेवला. खोक्यावर लिहिलं, 'फॉरेन सिग्नल'. आणि प्रियदर्शनी कॅफेत गेली.

"काका, स्टेशनाला सिग्नल पाहिजे. पाडव्याच्या आत."

"जर्मनीला सांगावं लागंल!" विजयसिंहकाकांनी खुर्ची फिरवली, कीबोर्डवर बोटं आपटली. टेबलाखालून आवाज आला, कीं-क्रर्र-टुंग! "झालं. दोन दिवसांत जर्मनीहून. समोरच्या त्या बुढ्ढ्याला असली डिलिव्हरी ह्या जन्मात जमणार न्हाई!"

दोन दिवसांनी पार्सल आलं. खाकी कागद. स्केचपेन. 'जर्मनी'.

आत बॉलपेन, आइस्क्रीमची काडी आणि लाल बटण.

मग प्रियदर्शनी पुटपुटली, "जर्मनीत पण बटणं असतात."

सटवानं शर्ट पुढं ओढला. तिसऱ्या बटणाच्या जागी दोरा लोंबत होता. बटणातही त्याच निळ्या दोऱ्याचं टोक होतं.

"माझं बटण जर्मनीला जाऊन आलं," तो म्हणाला. "मी अजून बीडच्या पुढं गेलो न्हाई."

खोक्याच्या तळाला तीन बोटं होतीच. आश्रुबा कुणी बघू नये म्हणून अंधारात खरेदीला यायचा, आणि अंधारात येणारा रोज पहिलं गिऱ्हाईक ठरायचा. एवढी साधी गोष्ट विजयसिंहकाकांच्या लक्षात आली नव्हती. त्यांनी धोंडप्पांच्या दुकानात कधी पाऊलच टाकलं नव्हतं ना!

प्रियदर्शनी उठली. तिचं नाक लाल झालं होतं.

"मला वाटलं तू आता आनंदानं नाचशील," ती प्रणिताला म्हणाली.

"नाचणार होते. पण तुझं तोंड बघून जमंना."

"मग नाचू नको. चल. तो टुंग आवाज कुठून येतो ते मला बघायचंय. कॅफेचा फोन तर दसऱ्यापासून तुटलाय, आईच म्हणत होती!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सायबर कॅफेत अभूतपूर्व गर्दी झाली. म्हणजे पाच माणसं. तिघं मुलं, धोंडप्पा (नातीनं हात धरून ओढत आणले होते, आणि ते उंबऱ्यावर उभं राहून छताकडे बघत होते) आणि खुद्द सुंदरराव. सुंदरराव म्हणजे विजयसिंहकाकांचे वडील, प्रियदर्शनीचे आबा, तीन वेळा निवडणूक लढलेले पुढारी.

"आबा, काका आज तुमाला अमेरिका दाखवणारेत!" प्रियदर्शनी म्हणाली.

"दाखव बाबा!" सुंदरराव खुर्चीत ऐसपैस बसले. "अमेरिकेत आपला कुणी कार्यकर्ता हाय का बघू!"

विजयसिंहकाका घामाघूम झाले. पण वडिलांपुढे नाही कसं म्हणणार? त्यांनी कीबोर्ड आपटला. टेबलाखाली त्यांच्या पायाचा अंगठा हळूच हलला. कीं! क्रर्र! टुंग! क्रर्र!

"काका! पायापाशी विंचू!" सटवा किंचाळला.

विजयसिंहकाकांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. पायाचा अंगठा ज्या बटणावर वेळेत पडायला हवा होता, तिथं पडला नाही. क्रर्र संपलं. आणि टेबलाखालून खणखणीत आवाज आला :

"बंधू-भगिनींनो! मी सुंदरराव तुमाला शब्द देतो! पाटोद्याला रेल्वे आणल्याशिवाय मी चैनीनं झोपणार न्हाई!"

सुंदरराव खुर्चीत ताठ झाले.

"मी अमेरिकेत कवा भाषण केलतं?"

प्रियदर्शनीनं टेबलावरची चादर वर केली. खाली टेपरेकॉर्डर होता. पुण्याच्या कॅफेत रेकॉर्ड केलेला तो आवाज काकांनी वडिलांच्या प्रचाराच्या कॅसेटवर उतरवला होता, आणि पुढचं भाषण पुसायचा कंटाळा केला होता!

प्रणितानं सिग्नल टेबलावर ठेवला. खोकं उलटं केलं. सटवानं शर्ट दाखवला. धोंडप्पांनी पहिल्यांदाच छतावरून नजर काढली, खोक्याजवळ आले, भस्माच्या रेघांवर आपली तीन बोटं ठेवली. तंतोतंत बसली.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "उमापूरचा भाचा तू हायस व्हय रे?"

आश्रुबा दारातून म्हणाला, "मला तर जर्मनी कुठं हाय तेबी ठाऊक न्हाई, मालक!"

त्यानंतर जे झालं ते झालंच नाही असं आपलं ठरलं आहे. फक्त एवढंच सांगतो की उन्हात चपला नसल्या की पाय फार भाजतात, आणि पोरांचे जास्तीचे पैसे त्याच संध्याकाळी परत आले. पाटीवरचा बाण सुंदररावांनी स्वतः विळ्यानं खरवडला.

"पोरांनो," ते म्हणाले, "तीन निवडणुका मी लढलो, पण माझं भाषण शेवटपर्यंत कुणी ऐकवलं न्हाई. शाबास! लई हुशार हायत तुमी!"

प्रियदर्शनीकडे बघून धोंडप्पा गुरगुरले, "हिनं घरातल्या माणसाविरुद्ध खरं बोलून दाखवलं. ह्या पोरीला माझ्या दुकानात हात लावायची परवानगी हाय." मग घाईघाईनं, "हात धुऊन!"

"आन् फडताळ?" प्रणितानं विचारलं. "शाम्पू लावायचा न्हाई ना?"

धोंडप्पांनी खराटा सरळ केला. विचार केला.

"मी फडताळ भरलं ते रेल्वे येणार म्हणून. आता येणार का न्हाई, ते सरकारकडून लिहून आणा. न्हाई म्हणले, तर शाम्पू. तवर हात लावणार न्हाई. धोंडप्पाचा शब्द!"

प्रणिताचं तोंड उतरलं. प्रियदर्शनीचंही. सटवा मात्र हळूहळू हसू लागला.

"उत्तर येईपर्यंत फडताळ तसंच?"

"तसंच."

"आन् उत्तर आलंच न्हाई तर?"

"तर तसंच की बे!"

पाडव्याला त्यांच्या स्टेशनाला बक्षीस मिळालं नाही, कारण परीक्षकांना त्यात बुरूज सापडला नाही. तिघांना त्याचं काही वाटलं नाही. ते फलाटाशेजारी बसून, कधीच उत्तर येणार नाही असा अर्ज लिहिण्यात गुंतले होते. दोघी प्रत्येक शब्दावर भांडत होत्या. शेवटी तो असा झाला :

प्रति,
मा. रेल्वे साहेब,

विषय : पाटोदा स्थानकावर गाडी थांबवणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, आमचे स्थानक बांधून तयार आहे. फलाटाची लांबी साडेतीन फूट असून सिग्नल एक आहे (बटण लाल, जर्मनीरिटर्न). तरी सदर फलाटाच्या मापाची एक प्रवासी गाडी, प्रवाशांसह, रोज दुपारी चार वाजता येथे थांबवण्यात यावी. गाडीस हात लावू द्यावा. आमचे हात धुतलेले असतील. गाडी येणार किंवा कसे, याचा निर्णय सर्व साहेबांच्या सह्यांनिशी, साहेबांनी समक्ष येऊन, श्री. धोंडप्पा यांच्या दुकानात पहिले गिऱ्हाईक म्हणून सादर करावा. तोपर्यंत फडताळ रिकामे करता येणार नाही, याची कृपया नोंद घेण्यात यावी, ही नम्र विनंती.